बर्फातली खुर्ची

"चोरच होता, पण आपला चोर होता," आजोबांचा जुना मित्र जॅक म्हणाला आणि आजोबांच्या स्वयंपाकघरात जमलेली मंडळी हसली. आजोबांना पुरून आम्ही नुकतेच परतलो होतो.

बॉस्टनच्या त्या जुन्या आयरिश वस्तीत ते माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे. आईशी फोनवर बोलताना मी त्यांना 'खालचे आजोबा' म्हणायचे. तो शब्द त्यांनी उचललाच. दार वाजवून म्हणायचे, "आजोबा हिअर, किड. सूप आणलंय." ते अकरा वर्षं तुरुंगात होते हे कळल्यावर आई ओरडली, "अगं, आधी घर बदल!" मी बदललं नाही.

बर्फ पडला की ते फावड्याने रस्त्यावर एका गाडीपुरती जागा मोकळी करायचे आणि तिथे स्वयंपाकघरातली निळी खुर्ची ठेवायचे. ज्याने बर्फ उपसला त्याची जागा. त्याची खुर्ची कुणी हलवायची नाही, हा तिथला नियम. पण आजोबांकडे गाडीच नव्हती. "जॅक येईल कधीतरी. त्याचे गुडघे गेलेत, लांबून कसा चालेल?" पाच हिवाळ्यांत जॅक एकदाही आला नाही.

एका सकाळी मीही फावडं घेतलं, तेव्हा ते बोलले. विशीत दोघे मित्र सोनाराचं दुकान लुटायला गेले होते. आजोबा बाहेर गाडीत बसले. आत जॅकने पहारेकऱ्याचं डोकं फोडलं. सापडले आजोबा. जॅकचं नाव त्यांनी घेतलं नाही. मारहाणीचा आळही स्वतःवर घेतला. "आमच्याकडे दोन गोष्टी हलवत नाहीत, किड. दुसऱ्याची खुर्ची आणि आपली जीभ." मग हसले. "तुला सांगायला हरकत नाही. तू तर बोलतच नाहीस."

खरंच होतं. शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. पण आजोबांनी जॅकला माफ केलं होतं, मी नाही.

आज सकाळीही मी बर्फ उपसून खुर्ची ठेवली होती. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर ती ढिगावर उलटी पडलेली आणि तिच्या जागी जॅकची काळी गाडी.

"त्या बिचाऱ्या पहारेकऱ्याला मारायची काय गरज होती त्याला?" जॅक फादरना सांगत होता. फादर मान हलवत होते.

मी खाली रस्त्यावर गेले. खुर्ची उचलून आणली आणि जॅकसमोर ठेवली. तिच्यावरचा बर्फ फरशीवर गळू लागला.

"बसा, जॅक," मी म्हणाले. "गुडघे दुखत असतील. आणि आता फादरना सांगा, आजोबा बाहेर गाडीत होते, तर दुकानात कोण शिरलं होतं?"