पालकांना तत्काळ कळवा

महामारीच्या काळात शाळेत मुलं नव्हती, पण शाळा मात्र दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात असायची. तव्यावर पोळी असो, नाहीतर हातात सासऱ्यांच्या गोळ्या असोत, मोबाइल वाजायचा आणि वरच्या ऑफिसचा आदेश येऊन पडायचा. मी इकडे हिंदी मुलखात, खुर्सीपार या कामगार वस्तीतल्या एका सरकारी हिंदी शाळेत शिकवते. तेव्हा बारावीचा वर्ग माझ्याकडे होता, म्हणून बारावीच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुपही माझ्याच गळ्यात पडला. ऑफिसनं हेडसरांना पाठवायचं, हेडसरांनी मला आणि मी पालकांना, एवढंच काम.

पण आदेश कधी साध्या दोन ओळींत आलाच नाही. फिकट कागदाचा वाकडा फोटो असायचा, त्यावर सही आणि सहीवर शिक्का. कामाचं वाक्य मध्ये कुठंतरी दडलेलं. शेवटी मात्र ठरलेली ओळ, ‘पालकों को तत्काल सूचित करें’. हा तत्काल कधी चुकला नाही. तारीख चुकायची. सकाळी आलेला आदेश संध्याकाळी रद्द व्हायचा, आणि रद्द झाल्याचं कळवणारा कागद पहिल्यापेक्षाही लांब असायचा.

नवरा स्टील प्लांटमध्ये क्लार्क. तो म्हणायचा, “तू कावून एवढी चिडून राहिली? फॉरवर्ड कर अन् मोकळी हो.”

“मी मोकळी होईन रे. पण ते वाचते कोण?”

कारण आमच्या पालकांमध्ये बहुतेक ठेकेदाराकडचे मजूर. घरात मोबाइल एकच, आणि तो बापासोबत पाळीवर जायचा. पोरीला सकाळचा निरोप रात्री मिळायचा, तोवर तो शिळा झालेला असायचा.

मग ऑफिसनं नवीनच खूळ काढलं. कोणत्या पालकानं निरोप वाचला नाही, त्याचं कारण कळवा. एका नंबराबद्दल तिथल्या बाबूचा मला फोन आला.

“मैडम, ये पालक मैसेज क्यों नहीं देख रहे?”

“उनका देहांत हो गया,” मी म्हणाले. “पिछले हफ्ते. ऑक्सीजन नहीं मिला.”

तो म्हणाला, “तो कॉलम में क्या लिखूँ?”

मी फोन ठेवला. नंतर बराच वेळ मला भाजीही चिरता येईना. राग त्या बाबूचा होता की त्या कॉलमचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या वर्षी बारावीची परीक्षा घरी बसून द्यायची असं ठरलं. मुलांनी शाळेत येऊन पेपर आणि कोऱ्या उत्तरपत्रिका न्यायच्या, घरी लिहून परत आणून द्यायच्या. सोमवारी या, असा आदेश आला. मी ग्रुपवर टाकला, वर स्वतःच्या आवाजात सोपं करून सांगितलं. रविवारी रात्री दुसरा आदेश आला, सोमवारी नको, बुधवारी. तोही टाकला.

सोमवारी सकाळी मी स्कूटरनं शाळेत पोचले तर गेटवर ही गर्दी! रविवारचा निरोप अर्ध्यांना पोचलाच नव्हता. उन्हात पोरंपोरी तोंडाला ओढणी, रुमाल बांधून उभी. त्यांत एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती. गोंदियाकडची, आपली मराठीच. ऑटो बंद, म्हणून दोघी रेल्वे लाइनीच्या पलीकडून पायी आल्या होत्या.

“मॅडम, तुमीच तं सांगतलं होतं, सोमवारी या म्हणून.”

“हो, पण रात्री बदललं ना. ग्रुपवर टाकलं मी.”

“ग्रुप हिच्या बापाच्या मोबाइलात आहे. तो रातपाळीले गेला, मोबाइल बी त्याच्या संग गेला. आमाले कोण सांगन?” मग पदरानं कपाळ पुसत ती म्हणाली, “बरं, जाऊ द्या. आता पक्कं सांगा, बुधवारीच यायचं ना?”

मी हो म्हणणार, तेवढ्यात हेडसर मोबाइल घेऊन बाहेर आले. तिसरा आदेश. मंगळवार.

मी तिथंच गेटवर उभं राहून ऑफिसला फोन लावला. स्पीकरवरच ठेवला.

“जैसा आदेश में है, वैसा कीजिए, मैडम.”

“आदेश तीन हैं.”

“तो जो सबसे नया है.”

“बुधवार वाला सही है या मंगलवार वाला? पेपर तो स्कूल में आए ही नहीं.”

“ऊपर पूछकर बताता हूँ,” असं म्हणून त्यानं फोन कापला.

त्या बाईनं सगळं ऐकलं होतं. “एवढ्या मोठ्या ऑफिसाले बी माहीत नाही?” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच नवल वाटलं होतं, आणि मला लाज वाटली.

मी हेडसरांना सांगितलं, पेपरचे गठ्ठे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आता कुणालाही काही कळवणार नाही. आणि कळवीन तेव्हा असं कळवीन की मोबाइल नसला तरी ऐकू जाईल. वस्तीत रोज सकाळी कचऱ्याची गाडी यायची. तिच्या भोंग्यावर मास्क लावा, हात धुवा असं चालू असायचं. मी ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, “मैडम, आप रिकॉर्ड करके दे दो, बजा देंगे.”

“लेकिन परमिशन?” हेडसर घाबरून म्हणाले. ते निवृत्तीला आलेले, कुणाशी वाकडं नको म्हणणारे.

“सर, पालकों को तत्काल सूचित करना है. आदेश में ही लिखा है.”

गठ्ठे मंगळवारी संध्याकाळी आले. बुधवारी सकाळी खुर्सीपारच्या गल्ल्यांतून माझा आवाज फिरला, “बारहवीं के बच्चे आज स्कूल आकर पेपर ले जाएँ.” दुपारपर्यंत बहुतेक सगळी येऊन गेली. ती गोंदियाकडची बाई आणि तिची मुलगी पहिल्या रांगेतच होत्या. “चांगलं केलं मॅडम,” ती म्हणाली, “आता समजलं.”

पेपर वाटून हात धुते न धुते तोच ऑफिसचा फोन. कचऱ्याच्या गाडीवरून शाळेचा निरोप? कुणाच्या परवानगीनं? विभागाची बदनामी झाली, लेखी खुलासा द्या.

संतापानं मी लिहायला बसले आणि सुरुवातच अशी केली, की सांगायला लाज वाटते. हेडसरांनी तो कागद माझ्या हातून ओढून घेतला, वाचला आणि फाडला. मग स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. ‘घोषणा माझ्या सांगण्यावरून झाली, शिक्षिकेचा दोष नाही.’ खाली सही केली.

“सर, आप क्यों?”

“मेरा क्या बिगाड़ेंगे? जाना ही है,” ते म्हणाले आणि मास्क वर ओढून घेतला.

त्या खुलाशाचं उत्तर कधीच आलं नाही.