कोपरच्या नामकरणाला पाळकसाहेब

नगरहून कल्याणला जाणारी एस.टी. सुटली तेव्हा आमचे पाळकसाहेब खिडकीपाशी डोळे मिटून मौनाचा सराव करत होते. कंडक्टरने तिकीट विचारलं, तर त्यांनी हात जोडून मान लववली. कंडक्टर माझ्याकडे वळला. "काय झालंय यांना?"

"काही नाही," मी म्हटलं. "दोन कल्याण द्या."

झालं होतं ते असं. आशिष पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे धर्मोपदेशक, वयाने बत्तीस आणि आमच्या मंडळीत येऊन दीड वर्ष झालेले. कल्याण-डोंबिवलीकडच्या बौद्ध बांधवांपर्यंत ख्रिस्ताची सुवार्ता न्यायची, असं त्यांनी पंचांच्या बैठकीत मांडलं. जुने पंच गालातल्या गालात हसले. त्या हसण्यामुळेच पाळकसाहेबांनी तारीख ठरवून टाकली. लोकांच्या घरात शिरायचं तर सोबत बाईमाणूस हवं, आणि माझा भाचा दानियेल कल्याणला राहतो, म्हणून मला जोडीला दिलं. मी मार्था साळवे. चौतीस वर्षं परिचारिका होते, तेव्हा कुठल्याही अवघड जागी सोबत जायची मला सवय आहे.

तयारी म्हणून त्यांनी एका शिबिरातून पुस्तिका आणली होती. ती मुळात पूर्वेकडच्या दूरदूरच्या देशांसाठी लिहिलेली, मग कोणीतरी मराठीत उतरवलेली. तिच्यातल्या सूचना मी वाटेत वाचल्या. बौद्ध लोक मितभाषी असतात, त्यांच्यासमोर फार बोलू नये. कमरेतून वाकून अभिवादन करावं. पांढरे वस्त्र त्यांना आवडते. मांसाचं नाव काढू नये. लहान मुलाच्या डोक्याला हात लावू नये.

"साहेब, आपल्या नगरला एवढे बौद्ध आहेत," मी म्हटलं. "माझ्या वॉर्डात निम्मा स्टाफ होता. त्यातलं मितभाषी मला कोणी आठवत नाही."

त्यांनी डोळे उघडले. "ते आपल्यापुरतं असेल मावशी. ही पुस्तिका अभ्यासाने लिहिलीय."

माळशेज घाटात गाडी चहाला थांबली. जानेवारीचं स्वच्छ ऊन होतं, समोर काळे कडे उभे आणि खाली दरीत धुकं अजून निघायचं होतं. पाळकसाहेब एका हातात चहा आणि एका हातात वडापाव घेऊन कठड्याशी गेले. मागून एक माकडीण आली. तिने वडापाव इतक्या शांतपणे काढून घेतला की पाळकसाहेबांनी तिलाही मान लववली. मग तिचं पिल्लू पायाला बिलगलं आणि सगळा चहा पँटवर गेला.

त्यांच्या बॅगेत दुसरी पँट होती, पण काळी. कल्याणला उतरल्यावर सामान दानियेलच्या घरी टाकलं आणि आम्ही बाजारात गेलो. मसाल्याच्या ठोक दुकानांमुळे शिंकत शिंकत आम्ही कापडवाल्याकडे पोहोचलो आणि पाळकसाहेबांनी पांढराशुभ्र कुडता-पायजमा घेतला. तो अंगात घालून ते आरशासमोर उभे राहिले, तेव्हा मलाही कबूल करावं लागलं की माणूस उठून दिसतो.

रात्री जेवताना दानियेलने पत्ता सांगितला. "कोपरला विहार आहे, डोंबिवली पश्चिमेला. उद्या रविवार, कोणी ना कोणी भेटेलच. पण पाळकसाहेब, एक सांगू का? तिकडे गप्प बसून चालायचं नाही. ते लोक बोलतात. मस्त बोलतात."

पाळकसाहेबांनी मंद स्मित केलं. पुस्तिकेत स्मितही सांगितलेलं होतं.

सकाळी डोंबिवलीला उतरून आम्ही कोपरच्या विहारासाठी रिक्षा केली. रिक्षावाला इथला जुना आगरी, पन्नाशीचा. त्याने पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "नामकरनाला ना? बसा, तिकरंच सोरतो (तिकडेच सोडतो)." पाळकसाहेबांना यातलं फक्त 'बसा' कळलं. रिक्षाच्या आवाजात मला पहिला शब्द नीट लागला नाही; वाटलं, विहाराच्या रस्त्याचं किंवा गल्लीचं नाव असेल.

त्याने आम्हाला एका चाळीच्या आवारात उतरवलं. निळा-पांढरा मंडप, खुर्च्या, पन्नास-साठ माणसं, आणि एका कोपऱ्यात शेगडीवर मोठं पातेलं. तिशीचा एक तरुण लगबगीने पुढे आला.

"जय भीम सर. किती वेळ वाट बघतोय तुमची. मी मिलिंद, मुलीचा बाप."

पाळकसाहेब कमरेतून काटकोनात वाकले. मिलिंद दचकला, मग तोही वाकला. तो वाकला म्हणून पाळकसाहेब आणखी खाली गेले. दोघांची डोकी आपटायला आली तेव्हा मी मध्ये हात घातला. एवढ्यात कोणीतरी आम्हा दोघांना गुलाबाची फुलं दिली, पाळकसाहेबांना पुढच्या मोठ्या खुर्चीवर नेऊन बसवलं आणि मला बायकांत जागा करून दिली. दुरून पाळकसाहेब माझ्याकडे पाहत होते. किती अगत्याची माणसं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

शेजारच्या बाईने मला पाणी दिलं. "सरांना उशीर झाला ना? टिटवाळ्याहून आलात?"

"नाही, नगरहून."

"नगरहून? आमच्या दिरांनी तर टिटवाळ्याचे बौद्धाचार्य ठरवलेले. फोनवरच." बौद्धाचार्य म्हणजे त्यांच्याकडे लग्न, नामकरण असे विधी लावणारे गृहस्थ.

माझ्या घशात पाणी अडकलं. पुढे टेबलावर बुद्धमूर्ती, तसबिरी, मेणबत्त्या, पाण्याची वाटी. आणि त्यापुढे आमचे पाळकसाहेब डोळे मिटून मौनात. मी खोकले. मी पुन्हा खोकले. शेजारच्या बाईने मला खोकल्याची गोळी दिली.

आणि तेवढ्यात मिलिंदच्या बायकोने, प्रज्ञाने, तीन महिन्यांचं बाळ पाळकसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर मुलीचं नाव होतं. "सर, डोक्यावर हात ठेवून नाव सांगा," ती म्हणाली.

डोक्याला हात लावू नये, हे पुस्तिकेने बजावलेलं. पण बाळ मांडीवर आलं की सवयीचा हात आपोआप चालतो. दीड वर्षात त्यांनी आमच्याकडे टाळूला पाणी लावून वीसेक बाळांचे बाप्तिस्मे केलेत. त्यांचा उजवा हात वाटीत बुडाला आणि ओली बोटं बाळाच्या टाळूकडे निघाली. ओठ हलले. "करुणा, पित्याच्या..."

खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, होऊन जाऊ दे. एवढ्या लांब आलोय. कोणाला कळणारही नाही.

हात टाळूच्या वर चार बोटं थांबला. पाळकसाहेबांनी डोळे उघडले, एवढ्या सगळ्या माणसांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि हात कुडत्याला पुसला.

"माफ करा," ते म्हणाले. "मी तुमचा आचार्य नाही. मी ख्रिस्ती पाळक आहे. नगरहून आलोय, तुम्हाला आमच्या धर्माचं सांगायला. हे बाळ माझ्याकडे द्यायचं नव्हतं."

मंडपात दोघांचे मोबाईल वर होते, ते तसेच राहिले. बाळाने मात्र तेवढ्यात नव्या पांढऱ्या कपड्यांवर मनसोक्त शू केली.

मिलिंदने मुलगी उचलून घेतली. त्याचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे फसवून आत घुसलात? आणि ते पाणी कशाला घेतलेलं? माझ्या पोरीला काय करणार होतात?"

"काही केलं नाही," मी उठून म्हणाले. "पण होणार होतं. त्यांनीच थांबवलं."

दोघे-तिघे पुढे सरकले. तेव्हा पातेल्याजवळून मिलिंदची आजी आली, हातात पळी तशीच. गयाबाई त्यांचं नाव. सत्तरी ओलांडलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, "तू आपणहून सांगितलंस, का कोणी पकडलं?"

"आपणहून."

"मग बसा सगळे खाली. मिलिंद, त्यांना तुझा पायजमा दे. ओल्यात किती वेळ बसवशील?"

मिलिंदने पायजमा आणून खुर्चीवर टाकला.

एवढ्यात खऱ्या आचार्यांचा फोन आला. ते तासभर घर शोधत होते, पण ठाण्याच्या कोपरीत. कोपर आणि कोपरी यांत एका वेलांटीचा फरक, आणि त्या वेलांटीने त्यांना भलत्याच गावात नेलं होतं. आता यायला आणखी तास लागणार. बाळ रडून हैराण झालेलं. मला राहवेना म्हणून मी जवळ गेले आणि फ्रॉकची मान उलटून पाहिली. जरीचा काठ टोचून लाल वळ उठला होता. आतून मऊ रुमाल लावल्यावर ते निवांत झालं. प्रज्ञा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

शेवटी आचार्यांनी फोनवरूनच त्रिशरण सुरू केलं, फोन स्पीकरवर आणि स्पीकर माइकसमोर. दुसऱ्या ओळीला नेटवर्क गेलं. तेव्हा पहिल्या रांगेतले वाघमारेकाका, रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर, उभे राहिले आणि त्यांनी सगळं न अडखळता म्हटलं. नाव आत्याने जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. मिलिंदच्या पायजम्यात, घोट्यांच्या वरपर्यंत उघडे पडलेले आमचे पाळकसाहेबही टाळ्या वाजवत होते.

मग कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे 'मान्यवरांचे मनोगत' आलं. वाघमारेकाका म्हणाले, "हे एवढ्या लांबून बोलायला आलेत, तर बोलू द्या. पाच मिनिटं."

पाळकसाहेबांनी पाठ केलेलं भाषण सोडून दिलं. वडील लवकर वारले, आईने एकटीने वाढवलं, त्या दिवसांत प्रार्थनेने कसा धीर दिला, एवढंच त्यांनी सांगितलं. चांगलं बोलले. मग वाघमारेकाकांनी माइक घेतला आणि वीस मिनिटं उत्तर दिलं. त्यांनी बायबल अध्याय-ओवीसकट सांगितलं, आणि दोन ठिकाणी पाळकसाहेबांना दुरुस्त केलं. ती दुरुस्ती बरोबर होती.

"आता एकच विचारतो," काका शेवटी म्हणाले. "माझ्या आजोबांना तुमच्या लोकांनी ख्रिस्ती व्हायला बोलावलेलं. ते गेलेले पण. चर्चमध्ये बसायला त्यांना वेगळी जागा दाखवली. ते उठून आले. मला सांगा, आता सगळे एकत्र बसता?"

मला वाटलं, पाळकसाहेब आता तरी पुस्तिकेतलं मौन काढतील. पण ते म्हणाले, "बसतो एकत्र. पण लग्न जुळवताना अजून विचारतात, मूळचे कोण म्हणून."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना ठाऊकही नव्हतं. माझ्या मुलासाठी नेवाशाची मुलगी सांगून आली होती, आमच्याच मंडळीतली, शिकलेली, शांत. मी तिच्या आईला हाच प्रश्न विचारला होता आणि उत्तर ऐकून मुलाला म्हटलं होतं, मुलीची उंची कमी आहे.

"मी विचारलंय," मी बसल्या जागेवरून म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मुलगी चांगली होती."

काकांनी मान हलवली. ना रागावले, ना काही शिकवलं. "आमच्यातही पोटजात काढणारे आहेत की," ते म्हणाले आणि माइक बंद केला.

जेवणाची पंगत बसली. ताटात तांदळाची भाकरी आणि लालभडक रस्सा आला, तशी पाळकसाहेबांनी हात आडवा धरला. "मांस नको. तुमच्या धर्मात चालत नाही ना."

गयाबाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "कोणी सांगितलं तुला?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक जेवायला नाही घातलं मी." आणि त्यांनी दोन पळ्या वाढल्या.

वासाने मी थबकले. हा येसूर होता, बाजरी-हरभरा भाजून आमच्याकडे करतात तो मसाला. "आजी, तुम्ही नगरकडच्या का?"

"पाथर्डीकडची. लग्न होऊन इकडं आले ती आलेच. पन्नास वर्षांत माहेरची वाट नाही बघितली." त्या माझ्याशेजारी बसल्या आणि मग तासभर आम्ही दोघी विहिरी, जत्रा, मेलेली माणसं आणि पडलेली घरं यांवर बोलत होतो. पलीकडे पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा रस्सा मागितला. वाढणारा मिलिंद होता. त्याने क्षणभर थांबून वाढला आणि हळूच म्हणाला, "पायजमा धुऊन पाठवा, सर."

सोमवारी आम्ही मुरबाडमार्गे परत निघालो. पाळकसाहेब सबंध घाटभर बोलत होते. कंडक्टर वैतागला.

घरी आल्यावर मी मुलाला फोन केला. नेवाशाच्या मुलीचं केव्हाच लग्न झालंय, हे मला माहीत होतं. तरी खरं कारण उंची नव्हती, हे त्याला सांगायचं होतं. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलेलं, आई."

बुधवारी मंडळीचे चिटणीस एक छापील तक्ता घेऊन आले. किती जणांना सुवार्ता सांगितली? मी 'साठ' लिहिलं. किती जणांनी मनापासून ऐकून घेतलं? मी थोडा विचार केला आणि 'दोन' लिहिलं.

चिटणीसांचा चेहरा पडला. "साठांतून दोनच? कोण होते?"

"एक पाळकसाहेब," मी म्हटलं, "आणि एक मी."