हाजराबीचा लाल रंग

देवणीकडं बैलाच्या गळ्यातला लाल पट्टा म्हटलं की लोक उदगीरच्या गफूरभाईचं नाव घ्यायचे. कातडं कापणं, शिवणं, पितळी घुंगरं बसवणं हे गफूरचं काम. लाल रंग मात्र त्याच्या बायकोच्या हातचा. हाजराबी लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या हातात रंगाचं फडकं दिलं, आणि तेव्हापासून मागच्या पडवीत बसून ती पट्टे रंगवत आली.

रंगाची पूड स्पिरिटमध्ये विरघळवायची, पाहिजे तेवढी पातळ करायची आणि फडक्यानं कातड्यावर न थांबता फिरवत न्यायची, अशी जुनी रीत. पुढं स्पिरिट मिळेनासं झालं. दुकानदार लायसन मागू लागला. गफूरनं पेंटच्या दुकानातून थिनर आणलं. त्यात रंग पातळ होई, झटक्यात वाळे, पण वास डोक्यात शिरे. दुपारपर्यंत हाजराबीला गरगरायला लागे. एकदा भाकरी टाकताना तिचा तोल गेला आणि तळहात तव्यावर टेकला. डॉक्टरनं हात बांधला आणि सांगितलं, "हा वास बंद करा. छातीत बसलाय."

"बंद करून खायचं काय?" गफूर घरी येऊन म्हणाला.

"काम न्हाई बंद करत. थिनर बंद करते. दुसरं काहीतरी शोधते."

तिनं आधी पाणी घालून पाहिलं. पूड वर तरंगली, गुठळ्या झाल्या. करोनाच्या वेळचं सॅनिटायझर घरात पडलेलं होतं, ते घातलं तर पट्टा चिकट झाला, त्याला धूळ बसली. धाकटी जाऊ नखाचा रंग काढायचं पाणी वापरायची. ते घातलं तर इतकं लवकर उडून जाई की फडकं दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिल्या टोकाला डाग पडत. मेडिकलमधलं स्पिरिट चांगलं चाललं, पण त्या इवल्याशा बाटल्या किती आणणार?

उत्तर सापडलं ते मोबाइलच्या दुकानात. तिचा फोन पाण्याच्या बादलीत पडला होता. दुकानातल्या प्रेम नावाच्या पोरानं तो उघडला आणि ब्रशनं त्यावर कसलंतरी पाण्यासारखं औषध फिरवलं. हाजराबीनं मान पुढं केली. दवाखान्यासारखा वास आला, पण डोकं धरलं नाही.

"हे काय हाय रे, बेटा?"

"आयपीए म्हणतात, चाची. हेबी एक जातीचं स्पिरिटच. लातूरहून कॅन येतो."

तिनं त्याच्याकडून वाटीभर मागून आणलं. रंग गुठळी न होता विरघळला. वाळायला वेळ लागला, पण त्यामुळंच फडक्याची रेघ कुठं उठली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ओलं पांढरं फडकं पट्ट्यावर रगडलं. फडकं पांढरंच राहिलं. मग तिनं लातूरहून स्वतःचा कॅनच मागवला.

गफूर कुरकुरला, "लई सावकाश वाळतंय." पण पट्टा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. पुढं तोच गिऱ्हाइकांना सांगू लागला, "रंग आमच्या घरातल्यांनी काढलाय. बैलाला घाम आला तरी उतरायचा न्हाई." मागच्या पडवीत हे ऐकताना हाजराबी हातातलं काम थांबवायची. तोवर दुकानात तिच्या कामाबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं.

पोळ्याच्या तोंडावर नांदेडहून फोन आला. मुलगी जेबा बाळंत होणार होती. कामाचा ढीग पडलेला, आभाळ भरलेलं, पट्टे वाळत नव्हते. निघताना हाजराबीनं नवऱ्याला बजावलं, "माझ्या माघारी रंग लावायचा तर माझ्याच कॅनमधलं वापरा. आणि पुरतं वाळल्याबिगर वरचं पॉलिश चढवू नका."

"हाव गं. तुझ्या गळ्याची आण, त्याच्यातलंच वापरतो."

जेबाला मुलगी झाली. पोळा झाल्यावर हाजराबी एस.टी.नं घरी आली. दुसऱ्याच दिवशी दुकानापुढं टेम्पो थांबला. देवणीच्या सटवाजी पाटलांचा बालंक्या बैल त्यात उभा होता. बालंक्या म्हणजे अंगावर एकही काळा ठिपका नसलेला, पांढराशुभ्र देवणी जातीचा बैल. पट्ट्याचा रंग उतरून त्याची सगळी मान लाल झाली होती. पट्टा होता तिथली कातडी सोलवटून तिच्यावर फोड आले होते. बैल मान हलवायला तयार नव्हता. पाटील त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेत होते.

पाटलांनी पट्टा गफूरच्या पुढ्यात टाकला. "गफूरभाई, लेकरासारखा वाढवलाय मी याला. हे काय केलं तुमी?"

लोक जमले. गफूरनं एकदा आत पाहिलं. दारात हाजराबी उभी होती. मग तो पाटलांकडं वळून म्हणाला, "मी काय करू, पाटील? हिनं नवीन औषध काढलं. मी नको नको म्हणत होतो. बाईचा हट्ट."

हाजराबीनं खाली वाकून पट्टा उचलला आणि नाकाजवळ नेला. पॉलिशच्या खालून थिनरचा वास आला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो घुंगरांचा डबा सारखा करत होता. चार लोकांत त्याला खोटं पाडायची तिला कधी सवय नव्हती. तिनं पट्टा खाली ठेवला आणि लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तोच लावला.

टेम्पो गेल्यावर ती पडवीत गेली. तिचा कॅन ती ठेवून गेली होती तसाच भरलेला होता. गफूर मागून आला.

"पाऊस होता. तुझ्या औषधानं वाळत नव्हतं. थिनर घातलं आणि ओल्यावरच पॉलिश चढवलं," तो म्हणाला. "लोक दारात उभे होते."

"ते समजलं. माझं नाव का घेतलं?"

"तुझं नाव घेतलं तर लोक दोन दिस बोलतील, सोडून देतील. माझं घेतलं तर दुकान बसंल. तुला कुठं बाजारात बसायचंय?"

"मी तिकडं जेबाच्या सासूला सांगत होते," हाजराबी म्हणाली, "की माझ्या माघारी घरचे माझ्यासारखंच काम करत असतील."

बाहेर गिऱ्हाईक आलं म्हणून तो गेला.

सकाळी तिनं कातड्याचे दोन तुकडे घेतले, एक तिच्या रंगाचा, एक त्या फेकलेल्या पट्ट्याचा, आणि देवणीची गाडी धरली. पाटलांच्या गोठ्यात त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, बैलाच्या मानेला नुकतंच मलम लावलं होतं. हाजराबीनं ओल्या फडक्यानं दोन्ही तुकडे पुसून दाखवले; तिच्या तुकड्याचा रंग उतरला नाही, पट्ट्याचा उतरला. मग घडलं ते सगळं सांगितलं.

सटवाजी लाल झालेल्या फडक्याकडं बघत राहिले. "हे कालच का न्हाई बोललात, भाभी?"

"नवरा हाय."

"डोळ्याला डोळा लावून बोलला माझ्याशी. मला खरंच वाटलं."

"मलाबी खरंच वाटलं असतं," हाजराबी म्हणाली.

लक्ष्मीबाईंनी चहा आणला. तो घेऊन हाजराबी परतीच्या गाडीला लागली.

बैल बरा झाला. मानेवरचे केस पांढरे यायला मात्र दिवाळी उजाडली. गावात खरं काय ते पसरलं. देवणीची माणसं आता येऊन विचारतात, "रंग चाचींनीच लावलाय ना?" गफूर खाली बघून हाव म्हणतो. मध्यंतरी तो स्वतः लातूरला जाऊन आयपीएचा नवा कॅन घेऊन आला आणि काही न बोलता तिच्यापुढं ठेवला. तिनं तो घेतला, झाकण उघडून वास घेतला, मग जागेवर ठेवला.

दोघं एकत्र जेवतात. जेबाचा फोन आला की दोघं मिळून नातीचं तोंड बघतात. पण रंगवलेला पट्टा वाळलाय असं तो म्हणाला, की हाजराबी उठून स्वतः बोट लावून बघते. माठ भरलाय म्हणाला, तरी झाकण काढून बघते. त्याच्या देखतच बघते.