सरदाराचे डोळे

पंचवटीतल्या आमच्या गणपती मंडळाचा देखावा त्या वर्षी दादाने रंगवला होता. दादा माझा थोरला भाऊ. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. भल्यामोठ्या पडद्यावर लढाई संपल्यानंतरचं रणांगण होतं. तुटलेले हात, पोट फाटलेले घोडे, आणि मधोमध रक्ताळलेली तलवार घेऊन उभा सरदार. पायाशी शत्रूचं प्रेत. निवेदन माझं होतं. पडदा पुरा व्हायच्या आधीच, नुसतं कच्चं रेखाटन बघून मी ते कॅसेटवर भरून टाकलं होतं.

पहिल्या संध्याकाळी भोंग्यातून माझा आवाज गरजला, "पाहा, हे सुडाने पेटलेले डोळे!" दिव्याचा झोत सरदाराच्या चेहऱ्यावर पडला. डोळे पाण्याने भरलेले होते.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, ह्याची बायको माहेरी गेलीय वाटतं!" सगळी गल्ली हसली.

"उद्यापर्यंत निस्तरा," अध्यक्ष म्हणाले.

कॅसेट पुन्हा भरता आली असती. पण हसं माझ्या आवाजाचं झालं होतं. गर्दी पांगल्यावर मी दादाला म्हणालो, "डोळे लाल कर."

"नाही करणार. आत्ताच माणूस मारलाय त्यानं. त्याला काय वाटत असेल, तेच काढलंय मी."

"लोक लढाई बघायला येतात दादा, रडगाणं नाही."

"मग तू लढ."

मी रंगाचा डबा घेऊन शिडी चढू लागलो. दादाने माझा पाय धरून खाली ओढलं. मांडवाचा उरलेला बांबू जवळच पडला होता. तो मी त्याच्या उजव्या हातावर घातला. पुन्हा घातला. हाड मोडल्याचा आवाज आला, त्यानंतरही घातला.

दुसऱ्या दिवशी मी रंगवलेल्या लाल डोळ्यांना टाळ्या पडल्या.

आईला दादाने शिडीवरून पडलो असं सांगितलं. हात वाकडा जुळला. पुढे तो फक्त अक्षरं रंगवायचा, चेहरे कधीच नाही. आई गेली त्या वर्षी, सगळं आटोपल्यावर, मी त्याची माफी मागितली. म्हणालो, "चित्र तुझंच बरोबर होतं, दादा."

"नव्हतं रे," तो म्हणाला. "मारताना तुझं तोंड बघितलं ना मी. पाणीबिणी काही नव्हतं डोळ्यांत. मजा येत होती तुला."

त्या रात्री त्याचा हात बांधत होते तेव्हा दवाखान्याबाहेर मी रडलो होतो, हे मला सांगायचं होतं. ते खरंही होतं. पण मजा आली नव्हती, असं काही मला म्हणता येईना.