निपाणीचा उंबरा

मंगळवार, ४ मार्च २०२५. नळाला पाणी आले नाही, साठवणीतले वापरले. सकाळी साडेसातच्या बसने निपाणीला गेले. चिकोडीहून पूर्णिमा आली. गुणाबाई सापडल्या. दुपारी परत. स्वयंपाक केला नाही, दहीभात.

रोजच्या डायरीत मी एवढेच लिहिते. गुणाबाईंबद्दल मात्र थोडे जास्त लिहून ठेवावेसे वाटले.

‘अंगण’ नावाची एक वेबसाइट होती. पुण्यातले एक जोडपे ती हौसेने चालवत असे. आपल्या दारात काढलेल्या रांगोळीचा फोटो रोज सकाळी त्यावर टाकायचा, दुसऱ्यांच्या बघायच्या, वाटले तर दोन शब्द लिहायचे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या बाजूच्या आम्ही चाळीसेक बायका त्यावर होतो. नावापुढे गाव लिहायचे, त्यापलीकडे कोणी कोणाची चौकशी करत नसे. चेहरे आम्ही पाहिलेच नव्हते. आम्ही एकमेकींचे उंबरे ओळखत होतो.

गुणाबाई, निपाणी. त्यांच्या दारात शहाबादी फरशी होती, डाव्या कोपऱ्याला चंद्रकोरीसारखी फुटलेली. चौकटीचा खालचा भाग निळा. सकाळी सहाच्या आत त्यांचा फोटो आलेला असे. ठिपके मोठे आणि रेघ जाड. बाकीच्यांच्या रांगोळीवर हळदीकुंकवाची चिमूट असायची, त्यांच्या कधी नसे. माझ्याही नसते. त्यामुळे त्यांचे यजमान नाहीत हे मला न विचारता कळले होते, आणि माझे त्यांनाही कळले असणार.

अंगणात एक रीत आपोआप पडली होती. कोणाची रांगोळी दिसेनाशी झाली, की तिच्या घरी सूतक आहे असे समजायचे. विचारायचे नाही. ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी रंग भरायचे नाहीत, नुसती पांढरी रांगोळी काढायची. तेरा दिवसांनी ती बाई परत येई, सगळ्यांच्या पांढऱ्या रांगोळ्या बघे, आणि काय समजायचे ते समजे. आम्हाला ही रीत फार शहाणपणाची वाटत होती.

जानेवारीत वेबसाइटच्या माथ्यावर इंग्रजीत सूचना आली. महिनाअखेर बंद होणार. ते जोडपे परदेशी चालले होते. मी खाली तिचा अर्थ मराठीत दोन ओळींत लिहिला. शहापूरच्या भैरवीने लिहिले की आपण व्हॉट्सॲपवर ग्रुप करू, सगळ्यांनी नंबर द्या. एकेक नंबर येत गेले. गुणाबाईंनी आपल्या बोलीत लिहिले, ‘बघतो.’ नंबर दिला नाही.

एकतीस तारखेनंतर ते पान उघडेनासे झाले. ग्रुप सुरू झाला. पहिल्या दोन दिवसांत पस्तीस जणी आल्या. निपाणी आली नाही. पूर्णिमाने विचारले तेव्हा भैरवीने रीतीची आठवण करून दिली. मग कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर पांढऱ्या रांगोळ्या यायला लागल्या. मीही पांढरीच काढली. तेरा दिवस झाले, मग आणखी आठवडा गेला. हळूहळू कोणी पिवळा भरला, कोणी गुलाबी. महिना होत आला तेव्हा पूर्णिमाने मला एकटीला फोन केला. म्हणाली, सूतक एवढे लांबत नाही, आपण जाऊन बघू. ती चिकोडीला शिवणाचा क्लास चालवते. मंगळवारी तिची सुट्टी असते.

पत्ता नव्हता. गुणाबाईंनी एकदा लिहिले होते की बाजूच्या टेलरच्या वायफायवर फोटो जातो, आणि एकदा, तंबाखूच्या वखारी उघडल्या की रांगोळी काढताना शिंका येतात. तेवढ्यावर आम्ही वखारींच्या मागच्या गल्ल्या हिंडलो. दोघी खाली बघत चालत होतो. एका बाईने काय हरवले म्हणून विचारले. पूर्णिमा म्हणाली, फरशी.

तिसऱ्या गल्लीत टेलरचे दुकान होते आणि त्याच्या बाजूला, दोन पायऱ्या चढून, फुटक्या कोपऱ्याची फरशी. धुतलेली आणि कोरी.

दार उघडणारी बाई उंच, हाडकुळी, साठीच्या पुढची. आमच्या खांद्यांवरच्या पिशव्या बघून, सर्वेक्षणाच्या बायका समजून ती म्हणाली, “घरात माणसं किती, तेच इचारायला आलासा न्हवं? एकच हाय. लिवा.”

पूर्णिमाने आम्ही अंगणातल्या आहोत असे सांगितले, नावे सांगितली.  गुणाबाई बाजूला सरकल्या आणि चहा ठेवला.

चहा होईपर्यंत त्यांनी विचारलेले तेवढे सांगितले. माहेर चिकोडीकडचे एक खेडे. तंबाखूच्या वखारीत निवडायला जायच्या. नवराही तिथेच वजनकाट्यावर कामाला होता. तो गेला त्याला सात वर्षे झाली. मूल नाही. वरच्या खोलीत कॉलेजची एक मुलगी भाड्याने राहायची, सौम्या. ती नोकरीला बंगळूरला जाताना आपला जुना टॅब ठेवून गेली आणि फोटो कसा टाकायचा ते शिकवून गेली. फोन आहे, पण बटणांचा. त्यावर व्हॉट्सॲप येत नाही, मग नंबर देऊन काय करायचे, असे त्यांना वाटले. फेब्रुवारीत पान उघडेना, म्हणून टॅब टेलरला दाखवला. तो म्हणाला टॅब बरा आहे, ती साइटच बंद पडली. त्यानंतर त्यांनी रांगोळीचा डबा फडताळावर ठेवून दिला.

पूर्णिमाने मोबाइल काढून त्यांना फेब्रुवारीतल्या सगळ्या पांढऱ्या रांगोळ्या दाखवल्या. गुणाबाई चष्मा लावून एकेक बघत गेल्या. विचारले, “कोण गेलं?”

“कोण न्हाई ओ आक्का. तुमच्या घरात सूतक असंल म्हणून आम्ही पांढरी धरलो.”

गुणाबाईंनी चष्मा काढला. “माझ्या घरात मरायला मी सोडून हाय कोण?”

 हा हिशेब आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

“रोज सहाच्या आत फोटो टाकत होतो ते काय हौसंनं?” त्या आवाज न चढवता म्हणाल्या. “म्हटलं एखाद्या दिवशी न्हाई दिसली, तर चाळीस बायकांतली एखादी तरी इचारंल, आक्का कुठं हाय म्हणून. तुम्ही तेरा दिवस रंग सोडलासा. चांगलं केलासा. पर तेरा दिवसांनी माझं काय ऱ्हायलं असतं गं?”

त्यांनी चहा गाळला. चहा चांगला होता. टेलरच्या मशिनचा आवाज येत होता.

चहा पिऊन झाल्यावर पूर्णिमाने त्यांचा नंबर मागितला. तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून फोनच्या मागे चिकटवलेला होता. तिने सांगितले, रांगोळी काढून झाली की मला एक मिस्ड कॉल द्यायचा, मी ग्रुपवर लिहीन. सातपर्यंत आला नाही तर मी फोन करणार, आणि उचलला नाहीत तर टेलरला तुमच्याकडे पाठवणार. टेलरचा नंबर तिने उतरताना पाटीवरून घेतला. गुणाबाई नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. “बघतो,” म्हणाल्या. दारापर्यंत आल्या. आम्ही उतरलो तेव्हा त्या फरशीकडे बघत उभ्या होत्या.

बेळगावच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. आम्ही काय बघून आलो याचा मी संकेश्वरपर्यंत काही विचार केला नाही. मग भैरवीला मेसेज लिहिला, की यापुढे कोणाची रांगोळी दिसली नाही तर त्याच दिवशी फोन करायचा, सूतक असो वा नसो. तिने उत्तरात फक्त हो लिहिले. 

बुधवारी सकाळी मी रांगोळी काढून ग्रुप उघडला. साडेसहा झाले, पावणेसात झाले. कोणी काही टाकत नव्हते. सगळ्या जणी ग्रुपवर आहेत हे दिसत होते. सातला दोन-तीन मिनिटे असताना पूर्णिमाने लिहिले, ‘निपाणी झाली.’ मग एकामागून एक फोटो यायला लागले. मी माझाही टाकला आणि दूध तापवायला घेतले.

माझ्याही घरात मी एकटीच असते. बुधवारच्या पानावर संध्याकाळी लिहिले: घराची दुसरी किल्ली शेजारी राघवेंद्रांच्या घरी दिली.