गणपतीच्या वर्गणीचं उत्पन्न

वर्षातून एकदा आम्ही अजून तेवढेच गरीब आहोत हे सिद्ध करायला मला बिल्डिंगच्या ऑफिसात जावं लागायचं. त्याला रीसर्टिफिकेशन म्हणायचे. एवढा लांबलचक शब्द, आणि अर्थ काय? तर पगार वाढला नाही ना, घरात आणखी कोणी कमावतं माणूस राहत नाही ना, बँकेत भलतीकडून पैसे येत नाहीत ना, ते दाखवा. दाखवलंत तर आणखी वर्षभर राहा. तेव्हाही राग यायचा आणि आज लिहितानाही येतोय.

जर्सी सिटीत मॅनहॅटनला जाणाऱ्या पाथ ट्रेनच्या स्टेशनशेजारी आमची बिल्डिंग होती. उंच, काचांची, खाली लॉबीत फुलदाणी आणि डोअरमन. त्यातले थोडे फ्लॅट कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखलेले होते आणि लॉटरीत आमचा नंबर लागला होता. नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी दोन हजार एक साली गेली. ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलं होतं म्हणून गाशा गुंडाळून परत जावं लागलं नाही, एवढंच काय ते नशीब. मग तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तासावर कामाला लागला आणि मी एका डे-केअरमध्ये. दोघांचं मिळून उत्पन्न त्या फ्लॅटसाठीच्या मर्यादेच्या जेमतेम आत बसायचं. मुलीची शाळा रस्ता ओलांडला की समोर. तो फ्लॅट गेला असता तर बाजारभावाने त्या भागात आम्हाला मोरीसुद्धा परवडली नसती.

आमच्या मराठी मंडळींना यातलं काही ठाऊक नव्हतं. सगळे मॅनहॅटनला मोठ्या पगारावर जाणारे. त्यांना वाटायचं, आम्हीही त्यांच्यासारखंच भाडं भरतो. "तुमचं बरंय बाई, लिफ्टने खाली उतरलं की ट्रेन!" असं एकजण म्हणायची. मी हसायचे. दुसरं काय करणार, कप्पाळ?

मंडळ म्हणजे तरी काय, पंचवीस-तीस कुटुंबं. गणपतीला एक हॉल घ्यायचा, दिवाळीला एक. मंडळ कुठे रजिस्टर केलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं बँकेत खातंही नव्हतं. सगळ्यांनी खजिनदाराच्या नावाने चेक लिहायचे अशी पद्धत होती आणि त्या वर्षी खजिनदार मी. अध्यक्ष ताई शेजारच्याच टॉवरमध्ये राहायच्या. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, "तुझा हिशोब चोख आणि हाताला चव. दोन्ही तूच बघ." मला तर मूठभर मांस चढलं. नोकरी गेल्यापासून आम्हाला कोणी काही विचारत नव्हतं.

गणपतीला मी मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि उकडीचे मोदक केले. न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून तांदळाच्या पिशव्या बसने वाहून आणल्या. दिवाळीच्या फराळालाही मीच. नंतर मीटिंगमध्ये पावत्या काढून हिशोब वाचायला घेतला, तर सगळ्या ओरडल्या, "अगं ठेव ते! तुझ्यावर विश्वास आहे आमचा." हिशोब जुळत होता, एक छदामही उरला नव्हता. घरी येऊन मी पावत्या केराच्या डब्यात टाकल्या.

जानेवारीत ऑफिसातून बोलावणं आलं. तिथली मॅनेजर बाई वाईट नव्हती, उलट दर वर्षी माझ्या मुलीची चौकशी करायची. पण या वेळी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट तिने पिवळ्या पेनाने रंगवून ठेवलं होतं.

"हे एवढे चेक कोणाचे?" तिने विचारलं.

"आमच्या देवाचा सण असतो. त्याची वर्गणी."

"कुठल्या संस्थेची?"

"संस्था नाही. आम्हीच सगळे ओळखीचे."

"मग ह्या पैशांचं काय केलंत?"

"हॉलचं भाडं भरलं, सामान आणलं. मी स्वयंपाक केला."

"कोणासाठी?"

"ज्यांनी पैसे दिले त्यांच्यासाठीच."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. तिने पेन खाली ठेवलं. "त्यांनी तुम्हाला पैसे दिले, तुम्ही त्यांना जेवण दिलं. याला आम्ही केटरिंग म्हणतो," ती म्हणाली. अगदी शांतपणे, समजूत घातल्यासारखं. आणि सहा महिन्यांत एवढं मिळालं म्हणजे वर्षाला याच्या दुप्पट धरायचं. मी म्हटलं, अहो, गणपती वर्षातून एकदाच येतात! तिने पुढचं पान उलटलं आणि दिवाळीचे चेक दाखवले. आता हिला काय डोंबल सांगणार? हे सगळं धरलं की आम्ही मर्यादेच्या वर जात होतो आणि लीझ संपली की पूर्ण भाडं. पावत्या मागितल्या तर माझ्याकडे एक चिटोरं नव्हतं. शेवटी तिनेच वाट काढली. मंडळातल्या कोणी जबाबदार माणसाने तिच्याशी फोनवर बोलून सांगायचं, की हे सगळ्यांचे पैसे होते आणि मला त्यातून काही मिळालं नाही. तेवढ्याने भागणार होतं.

म्हणजे ताईंना सांगणं आलं. माझ्या अगदी जिवावर आलं होतं. नवरा म्हणाला, "यार, तू सरळ सांगून टाक. घरापेक्षा लाज मोठी आहे का?" त्याला बोलायला काय जातंय! संध्याकाळी गेले आणि सगळं सांगितलं. ताईंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवता ठेवता थांबून माझ्याकडे पाहिलं. "अय्या, म्हणजे तुम्ही त्या स्वस्तातल्या फ्लॅटमध्ये राहता? कधी बोलली नाहीस ती!" मग स्वर बदलून म्हणाल्या, "असू दे गं. फोनच ना? करूया." सोफ्यावरून त्यांचे यजमान म्हणाले, "मंडळ रजिस्टर नाहीये हं, आणि आपलं ग्रीन कार्ड अजून अडकलंय. नको त्यात नाव नको." ताई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा हो, मी बघते." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर बाईने माझ्यासमोर फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी तिथे बसले आहे हे तिने ताईंना सांगितलं नाही आणि मला तोंड उघडायची मुभा नव्हती. तिने विचारलं, हे चेक कसले? ताईंचं इंग्रजी फार सुंदर. "ओह, शी कुक्स फॉर अस," त्या हसत म्हणाल्या. "व्हेरी गुड कुक. आम्ही कार्यक्रमाला तिच्याकडून जेवण घेतो आणि तिला पैसे देतो." मॅनेजर बाईने विचारलं, तुमची काही संघटना आहे का? "छे छे, आम्ही नुसते मित्रमंडळी. पैशांचं ती काय करते, तिचं तिलाच माहीत."

ताई, मी तुमच्या डोहाळजेवणाला पुरणपोळ्या लाटल्या होत्या हो! हे मी आतल्या आत ओरडले. बाहेर मी टेबलाची कड धरून बसले होते. मॅनेजर बाईने फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आय अ‍ॅम सॉरी." तिला खरंच वाईट वाटलं होतं. लिहायचं ते मात्र तिने लिहिलं.

संध्याकाळी ताईंचाच फोन आला. "सांगितलं बरं का तिला, किती छान करतेस ते. झालं ना काम?" तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी फक्त "हो" म्हणाले. भांडून फ्लॅट परत मिळणार असता तर भांडले असते.

उन्हाळ्यात आम्ही तिथून निघालो. दोन बस बदलून जायचं असं एक तळघर मिळालं, छताला लागून एवढीशी खिडकी. मुलगी नवीन शाळेत पहिले कित्येक दिवस कोणाशी एक शब्द बोलली नाही. "व्हाय डिड वी हॅव टू मूव्ह?" ती रोज विचारायची. काय सांगू, तुझ्या आईच्या हाताला चव आहे म्हणून?

ऑगस्टमध्ये पुन्हा ताईंचा फोन. "अगं कुठे गायब झालीस? गणपती आलेत. मोदक तुझ्याशिवाय कोणाला जमतात?" चांगलं वर्मी लागू दे म्हणून मी म्हटलं, "करीन की. पर प्लेट आठ डॉलर पडतील, मोदक धरून." आणि थांबले. मला वाटलं, आता ही चमकेल. म्हणेल, अगं असं काय परक्यासारखं बोलतेस? निदान रागावेल तरी.

"चालेल की," ताई म्हणाल्या. "बाहेरचे दहा सांगतात. फक्त लहान मुलांचं अर्धं धर हं."

धरलं. तळघर असलं तरी भाडं पूर्ण होतं. त्या दिवशी मी हॉलच्या मागच्या दाराने भांडी आत किचनमध्ये नेली. बाहेर आरती सुरू झाली तेव्हा मोदक वाफेवर होते. मी गॅस बारीक केला, हात धुतले, पदराला पुसले आणि दाराशी उभी राहिले. आरती संपली, मंत्रपुष्पांजलीही झाली. एकीनेही आत डोकावून "चल गं" म्हटलं नाही.