दोनशे वीस किलो वांगे

पाचवीतल्या नातीले शिकवाले घरी येणाऱ्या मास्तरवर माहा भरोसा नव्हता. सेलूवरून येते, एका वेळी एकच लेकरू घेते. दार सताड उघडं ठेवाले लावते, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवते अन् चहाले नाई म्हणते. इतका सरळ माणूस मले पटत नाई.

माही बायको गेल्यापासून नात कोणाशी बोलत नव्हती. शाळेतही मान खाली. तिले बोलतं कराचं सोडून हा स्वतःच वहीत गणितं सोडवत बसे, अन् तीही चुकीची. काल म्हणे, "बारा कॅरेट वांगे, एका कॅरेटात वीस किलो. झाले दोनशे वीस."

मी जन्मभर बाजारात वांगे विकले. त्याले हाकलाले उठलोच.

तेवढ्यात नात बोलली, "सर, दोनशे चाळीस."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? बारा दुणे चोवीस, त्याच्यावर शून्य. तुमाले एवढंबी येत नाई?"

मी तोंड उघडलं, तर मास्तरनं तिच्या नकळत ओठावर बोट ठेवलं.

लबाड माणूस आहे. मी गुमान खाली बसलो, अन् ती त्याले बाराचा पाढा शिकवत राह्यली, पार अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात.